नव्वद दिवसांची ग्रॅटिट्यूड डायरी : पूर्ण भरून झाल्यावर लिहितेय

वाढदिवसाला भाचीने, म्हणजे माझ्या ताईच्या मुलीने, मला एक ग्रॅटिट्यूड डायरी दिली, म्हणजे कशाकशाबद्दल आभार मानावेसे वाटतात ते रोज लिहायची वही. नव्वद दिवसांची, मराठी आवृत्ती, मागे किंमत ४९९ छापलेली. मध्ये चार दिवस ताप होता तेवढे सोडले तर मी ती अगदी रोज भरली, आणि आता संपून दोन महिने झालेत, डोक्यात सगळं बसलंय, म्हणून लिहायला घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा डायऱ्या आता बऱ्याच जणांच्या मिळतात, ऑफिसमधल्या दोघींच्या वेगळ्या कंपनीच्या बघितल्या तर आतला ढाचा जवळपास तोच, त्यामुळे तुमच्याकडे दुसरी कुठली असली तरी हे लागू पडेल.

आधी वस्तूबद्दल सांगते. पुठ्ठा जाड आहे, शिलाई पक्की आहे, टेबलावर उघडी ठेवली तर पानं आपोआप मिटत नाहीत, रात्री झोपायच्या आधी एका हाताने लिहायचं तर हे फार बरं पडतं. कागद मात्र पातळ, जेल पेनाने लिहिलं की मागच्या पानावर उमटतं, साधं बॉलपेन वापरा. खुणेची सॅटिनची फीत दुसऱ्याच आठवड्यात टोकाला विरायला लागली, मी मेणबत्तीवर टोक जाळून घेतलं मग टिकली. बाकी तक्रार नाही.

रोजचं एक पान. सकाळी ‘आज मी कशासाठी कृतज्ञ आहे’ अशा तीन ओळी, रात्री ‘आज घडलेल्या तीन छान गोष्टी’, खाली रडक्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे, त्यातल्या एकावर टिक करायची. तिसाव्या दिवशी एक मोठं पान, ज्याचे आभार मानायचे राहून गेले त्याला पत्र लिहायचं. आणि शेवटी आठ पानं ‘जगभरातली कृतज्ञता’ म्हणून, चित्रांसकट.

भाषा मला खटकली आणि हे जरा नीट सांगायचंय. पहिल्याच पानावर नमुना म्हणून दिलंय, ‘मी सकाळच्या कोवळ्या उन्हासाठी कृतज्ञ आहे.’ असं मराठीत कोण बोलतं? आपण म्हणतो ऊन छान पडलंय, बरं वाटलं. कृतज्ञ हा शब्द आपल्याकडे सत्काराच्या भाषणात नाहीतर श्रद्धांजलीच्या जाहिरातीत येतो. पण शब्द फोडून बघितला तर फार चांगला आहे, कृत म्हणजे केलेलं आणि ज्ञ म्हणजे जाणणारा, आपल्यासाठी कुणीतरी काहीतरी केलंय हे जो जाणतो तो कृतज्ञ. म्हणजे या शब्दात करणारा माणूस आहे, त्याने केलेलं काम आहे, आणि ते आपल्याला माहीत असणं आहे. ऊन छान पडणं यात कुठे बसवायचं? डायरीचं माझं जे काही बरं-वाईट मत आहे ते सगळं इथूनच निघालंय.

पहिले दहा-बारा दिवस मात्र खरंच फरक पडला, हे आधी कबूल करते. घरी सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडून तेव्हा सात महिने झाले होते, तेव्हापासून सगळं घड्याळावर चाललंय, दिवसा सांभाळायला मावशी येतात, संध्याकाळी सहानंतर मी, आणि रात्री पडलं की डोक्यात फक्त राहिलेल्या कामांची यादी फिरायची. डायरीमुळे ती यादी थांबली नाही पण तिच्या शेजारी दुसरी एक यादी तयार झाली. उदाहरणार्थ लिफ्ट बंद होती तेव्हा वॉचमनकाकांनी औषधांचं पार्सल तीन मजले चढून वर आणून दिलं होतं, हे मी त्या दिवशी घेतलं, दार लावलं आणि विसरले होते, रात्री तिसरी ओळ भरायला काही सुचेना तेव्हा ते आठवलं. मावशी जाताना रोज सासूबाईंच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून, वर फुलपात्र झाकून, हात पुरेल असा ठेवून जातात, हे सात महिन्यांत मी पहिल्यांदा नीट बघितलं. झोप जरा लवकर लागायला लागली.

मग दुसरा-तिसरा आठवडा आला आणि सगळं पातळ झालं. मागची पानं चाळली तर चहा, ऊन, मुलाची तब्येत, चहा, ऊन, पाऊस, चहा. खोटं नव्हतं लिहिलेलं, पण हात लिहीत होता आणि मन भाजी काय करायची यात होतं. मला वाटलं माझंच चुकतंय, मी कोरडी आहे. म्हणून मग मी यावर वाचायला लागले, आणि जे सापडलं ते डायरीच्या प्रस्तावनेत असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

या सगळ्या डायऱ्या ज्या संशोधनाच्या जोरावर विकल्या जातात ते २००३ चं आहे, अमेरिकेतल्या रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या दोन मानसशास्त्रज्ञांचं. त्यात विद्यार्थ्यांचे तीन गट केले, एकाने आभार मानावेत अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी लिहायच्या, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या गोष्टी. पहिला गट जास्त आशावादी निघाला आणि कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा आठवड्याला तासाभराहून जास्त व्यायामही करत होता. पण तो प्रयोग आठवड्यातून एकदा लिहिण्याचा होता, दहा आठवडे. रोज लिहिण्याचे वेगळे प्रयोग त्यांनी केले पण ते दोन-तीन आठवड्यांचे. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या गटाने सहा आठवडे बघितलं, काहींनी आठवड्यातून एकदा लिहिलं आणि काहींनी तीनदा, तर फायदा एकदा लिहिणाऱ्यांना दिसला, तीनदावाल्यांना नाही. आणि आपल्या हातात काय आहे तर रोज दोन वेळा, नव्वद दिवस. म्हणजे एकशे ऐंशी वेळा तीन-तीन ओळी. माणूस कोरडा नसतो, ओळी जास्त आहेत.

आता तिसाव्या दिवसाचं पत्र. याच्याबद्दल लिहायचंच म्हणून खरं तर हा सगळा खटाटोप.

मी पत्र ताईला लिहिलं. आमचं गाव जालन्याकडचं, वडिलांची शेती कोरडवाहू, आणि मी कॉलेजला शहरात होस्टेलवर राहिले ती तीन वर्षं फी कुठून आली हे घरात कधी कुणी बोललं नाही पण मला माहीत होतं. ताई शिवायची. ब्लाउज, परकर, फॉल-पिको, दिवाळीत आणि लग्नसराईत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत, लाईट गेली की कंदील मशीनच्या डोक्यावर ठेवून. ती स्वतः दहावीनंतर शिकली नाही. डायरीच्या पानावर लिहिलं होतं, ‘मोकळेपणाने लिहा आणि आतून हलकं वाटू द्या.’ मी दीड तास लिहिलं आणि आतून जे झालं ते हलकं अजिबात नव्हतं. रात्रभर झोप नाही. तिने एवढं केलं आणि मी काय केलं, दिवाळीला साडी आणि राखीला हजार रुपये. त्या दिवशीच्या चेहऱ्यांवर मी टिक केलीच नाही. पत्र तिला दिलंही नाही, कारण मला माहीत होतं ती वाचून म्हणणार, ‘हे काय गं, आभार मानायला मी काय परकी आहे का?’

हेही माझं एकटीचं नाही हे नंतर कळलं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या आणि दक्षिण कोरियातल्या विद्यार्थ्यांकडून अशीच आभाराची पत्रं लिहून घेतली होती तर अमेरिकेतल्यांना जेवढं बरं वाटलं तेवढं कोरियातल्यांना वाटलं नाही. आणि २०१७ मध्ये आलेल्या एका अभ्यासात गोरे अमेरिकन आणि भारतीय असे दोन गट होते, त्यात भारतीयांना आभाराचं काम केल्यावर चांगलं वाटलंच पण त्याच्याबरोबर वाईट वाटणं आणि अपराधीपणाही वाढला. वाचून मला रडायलाच आलं, सुटल्यासारखं रडायला. आपल्याकडे कुणी काही केलं की ते आपल्या अंगावर ऋण म्हणून बसतं, ऋणात राहणं पसंत करेन असं आपण पत्रिकेतसुद्धा लिहितो, आणि देव, ऋषी, पितर यांचं ऋण घेऊनच माणूस जन्मतो असं हजारो वर्षं सांगत आलोय. ते ऋण कागदावर मांडलं तर ते दिसणार, आणि दिसलं की टोचणार. मराठी आवृत्ती काढताना नुसते शब्द बदलून भागत नाही, त्या पत्राच्या पुढे अजून एक पान द्यायला हवं होतं, आता या ऋणाचं काय करायचं ते विचारणारं.

शब्दांनी आभार मानणं ही जगात सगळीकडची रीतच नाहीये. २०१८ मध्ये आठ भाषांमधल्या घरगुती बोलण्याची रेकॉर्डिंग तपासली गेली, कुणी मीठ मागितलं, दिलं, मग मागणारा काय म्हणतो एवढंच बघायचं. इंग्रजी आणि इटालियन बोलणारेसुद्धा साधारण सात वेळांतून एकदाच थँक्यू म्हणतात असं निघालं, बाकीच्या भाषांमध्ये त्याहून कितीतरी कमी, आणि इक्वेडोरमधल्या चापलाआ नावाच्या भाषेत तर थँक्यूला ठरलेला शब्दच नाही. पण मदत सगळेच करत होते. आपल्या घरातही आई ताटात पोळी वाढते तेव्हा आभार कोण मानतं, पण जेवून उठताना अन्नदाता सुखी भव म्हणणारी माणसं आपण बघितलीत. गोव्यात तर आभाराचा शब्दच ‘देव बरें करूं’ आहे, देव तुझं भलं करो, त्यात मला काय वाटतंय हे नाहीच, सगळं लक्ष समोरच्यावर.

डायरीतली शेवटची आठ पानं वाचताना मला याच गोष्टीची भूक होती आणि तिथे प्रत्येक देशाला दोन-दोन ओळी. उत्तर अमेरिकेच्या पानावर पिसांचा टोप घातलेल्या माणसाचं चित्र आणि ‘आदिवासी लोक निसर्गाचे आभार मानतात’ एवढंच. अहो तिथे होडनोशोनी लोक आहेत, मोहॉक, ओनायडा, ओनोनडागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा अशी सहा राष्ट्रं, न्यूयॉर्क राज्यात आणि कॅनडात आहेत, आणि त्यांच्याकडे कुठलीही सभा सुरू व्हायच्या आधी आभाराचं एक मोठं निवेदन म्हणतात, जमलेल्या माणसांपासून सुरू करून धरणी, पाणी, मासे, झाडं, पाखरं, वारे, सूर्य, चंद्र, तारे असं एकेकाचं नाव घेत, आणि प्रत्येक टप्प्यावर आता आपली सगळ्यांची मनं एक झाली असं म्हणत पुढे. एवढी मोठी गोष्ट आणि तिला नावसुद्धा नाही दिलं. भारताच्या पानावर नमस्काराचे हात आणि पणती. पोळा नाही. मराठी आवृत्तीत पोळा नाही याचं मला खरंच वाईट वाटलं.

जपानच्या पानावर जेवणाआधी इतादाकिमास, म्हणजे मिळालेलं नम्रपणे घेतो, असं म्हणतात हे होतं आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ, ‘नाइकान : स्वतःकडे पाहण्याची पद्धत’. त्या एका ओळीसाठी ४९९ वसूल झाले असं मी म्हणेन, कारण तिच्यामुळे मी पुढे शोधलं.

नाइकान म्हणजे आत बघणं. योशिमोतो इशिन नावाचे एक व्यापारी होते, १९१६ ते १९८८, जपानमधल्या नारा शहराजवळचे, बौद्धांच्या जोदो शिन पंथातले. त्या पंथातल्या काही लोकांमध्ये उपाशी राहून, न झोपता स्वतःला तपासायची एक फार कडक साधना होती, ती त्यांनी स्वतः केली आणि मग १९४० च्या दशकात तिच्यातला कडकपणा काढून सगळ्यांना जमेल अशी केली. खोलीच्या कोपऱ्यात घडीचा पडदा लावून त्यामागे एक आठवडा बसायचं, पहाटेपासून रात्री नऊपर्यंत, तास-दोन तासांनी एक माणूस येऊन वाकून नमस्कार करतो आणि तुम्ही काय आठवलंत तेवढं ऐकून जातो, सल्ला देत नाही. सुरुवात बहुतेक आईपासून. प्रश्न तीनच. या माणसाकडून मला काय मिळालं. मी त्याला काय दिलं. आणि मी त्याला काय त्रास दिला. त्याने मला काय त्रास दिला हा चौथा प्रश्न मुद्दाम नाही विचारत, तो आपल्याला न विचारताच येतो. जपानमधल्या तुरुंगांतही हे वापरलं गेलं आणि ऑस्ट्रियासारख्या देशातही त्याची केंद्रं आहेत.

आता बघा, डायरी फक्त पहिला प्रश्न विचारते. मिळालं काय. दुसरा-तिसरा गाळलेला आहे, आणि माझं मन ताईच्या पत्रात नेमकं त्या गाळलेल्या दोन प्रश्नांवर जाऊन आदळलं होतं, त्यांना पानावर जागा नव्हती म्हणून रात्रभर डोक्यात फिरत राहिलं.

तिसरा प्रश्न वाचला आणि मला पोळ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ आठवली. आमच्याकडे खांदेमळणी असायची. बैलांना ओढ्यावर नेऊन धुवायचं, मग गोठ्यात वडील हळद आणि लोणी घेऊन बैलाचा खांदा चोळायचे, जिथे वर्षभर जू बसतं ती जागा, तिथली कातडी जाड आणि काळी झालेली असते, एका बैलाला तर लिंबाएवढी गाठ होती. गरम पाण्यात फडकं बुडवून ती गाठ शेकायची, मग हळद-लोणी. आणि मग कानाशी वाकून म्हणायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ दुसऱ्या दिवशी जू नाही, चाबूक नाही, पुरणपोळी आधी बैलांना. मी लहानपणी हे सजावटीसाठी बघायचे, झूल, बाशिंगं, शिंगांना बेगड. आता कळतंय की वडील बैलाच्या शिंगांना नाही, कपाळाला नाही, खांद्याला हात लावत होते. आपल्या कामापायी जिथे त्याला दुखलं नेमकी तीच जागा.

एकतिसाव्या दिवसापासून मी डायरी माझ्या पद्धतीने भरली. सकाळच्या ओळी सोडून दिल्या. रात्री तीन ओळींच्या आधी पेन्सिलीने मिळालं, दिलं, त्रास दिला असं लिहायचे, आणि रोज एकच माणूस. वॉचमनकाका. मावशी. सासूबाई. नवऱ्याचं पान दोन दिवस चाललं. मावशींच्या पानावर तिसऱ्या ओळीत लिहिलं, ‘गेल्या महिन्यात चार वेळा साडेसहाला पोचले, त्यांची सव्वासहाची बस चुकली, एकदाही विचारलं नाही की मग घरी कशा गेल्या.’ दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाल्या शेअर रिक्षा, वीस रुपये जास्त. तेव्हापासून उशीर झाला की रिक्षाचे पैसे मी देते, आणि मुख्य म्हणजे उशीर कमी झाला. चहा-ऊन-चहा हे कायमचं बंद झालं, कारण ‘मी काय दिलं’ या ओळीपुढे थापा मारता येत नाहीत, ती ओळ कोरी राहिली की कोरीच दिसते.

पंचेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास ताईकडे जाऊन आले. पत्र घेऊन गेले नाही. दारात उभी राहिले तर म्हणाली, ‘अगं एवढ्या उन्हाची कशाला आलीस, फोन तरी करायचा.’ ती अजून शिवते, आता फक्त फॉल-पिको आणि उसवलेलं. मशीनपाशी बसले तर बघितलं की ती सुई डोळ्यांपुढे धरते, लांब नेते, परत जवळ आणते, दोरा ओला करते, चार-पाच वेळा चुकतो. मशीनची सुई पोरं ओवून देतात म्हणाली, पण हातशिलाईला दुपारी घरात कोणी नसतं. तिचे डोळे कुठे गेले हे मला माहीत आहे. मी तिच्या डब्यातल्या सगळ्या बारीक सुया काढल्या आणि एकेक दोरा ओवून, गाठ न मारता, तिच्या मापाचा एक हात लांब ठेवून, उशीला टोचत गेले, लाल, काळा, मोरपंखी, पांढरा, वीस-बावीस सुया झाल्या असतील. ती काहीच बोलली नाही, शिवत राहिली, मग मान वर न करता म्हणाली, ‘पांढऱ्याच्या अजून दोन ओव, पांढरा लवकर संपतो.’ आता पंधरा दिवसांनी एकदा जाते. जवळच आहे तसं, बसने दीड तास, इतकी वर्षं लांब वाटायचं.

तर घ्यावी का ही डायरी? सुरुवातीपुरती हो, ज्यांना लिहायची सवयच नाही त्यांना छापलेल्या ओळी सुरुवात करून देतात आणि ते काम ही डायरी चांगलं करते. पण रोज भरू नका, आठवड्यातून एक-दोनदा भरा, नव्वद दिवसांची डायरी वर्षभर जाईल. सकाळचा रकाना सोडलात तरी चालेल. पत्राचं पान लिहिणार असाल तर पुढच्या दोन-चार दिवसांत त्या माणसाकडे जायचं ठरवूनच लिहा, आणि तो माणूस आता नसेल तर एकटं बसून लिहू नका, घरातलं कोणीतरी जवळ असू द्या. भेट म्हणून देत असाल तर सोबत बॉलपेन द्या.

एका बाबतीत मात्र मी कंपन्यांवर खरंच रागावलेली आहे. डायरीच्या मागच्या कव्हरवर लिहिलंय ‘नैराश्य आणि चिंतेवर प्रभावी’. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या दोन संशोधकांनी असे २७ अभ्यास एकत्र करून तपासले, साडेतीन हजारांवर माणसं होती त्यात, तर नैराश्य आणि चिंता यांच्यावर या लिखाणाचा परिणाम अगदी थोडा निघाला, आणि त्यासाठी दुसरे उपचार घ्या असंच त्यांनी सांगितलं. ज्याला सकाळी उठवत नाही, जेवण जात नाही, जगणंच नको वाटतंय त्याच्या हातात ही डायरी देऊन ‘चांगलं बघ, चांगलं लिही’ म्हणणं फार क्रूर आहे, त्याला तीन ओळी सुचल्या नाहीत की तो स्वतःलाच अजून दोष देणार. अशा माणसाला डॉक्टरकडे घेऊन जा, सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस हेल्पलाइन आहे १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. कव्हरवरची ती ओळ काढायलाच हवी. त्या ओळीचा एक स्टार कापला, पत्राच्या पानाचा एक, पाचपैकी तीन देते.

डायरी संपल्यावर मी दुसरी आणली नाही, साधी दोनशे पानी वही घेतली, तीन रकाने आखले, रविवारी रात्री बसते. जुन्या डायरीत तापाच्या दिवसांची चार पानं कोरी राहिली होती, ती फाडून ताईकडे नेली. तिने त्यावर गिऱ्हाइकांची मापं लिहिलीत, छापलेल्या ओळींवरून आडवी, बॉलपेनने.